भोपळ्यांतलें भूत

ऑक्टोबर महिन्याचा शेवटचा आठवडा आला कीं आमच्या चंद्रपुरांत अलीकडे दोन प्रकारचीं माणसें एकाच वेळीं जागीं होतात. पहिला वर्ग इंग्रजी माध्यमाच्या कांहीं शाळाचालकांचा. हॅलोविनच्या दिवशीं मुलांनीं काळे कपडे घालून, डोक्यावर चेटकिणीची टोकदार टोपी चढवून व हातांत नारिंगी भोपळा घेऊन यावें, अशी सूचना ते पालकांस धाडतात. हा भोपळा अर्थातच प्लॅस्टिकचा असतो. त्याचे डोळे, नाक व दांत कारखान्यांतच पाडलेले असतात, आणि पोटांत बॅटरीचा दिवा असतो. दुसरा वर्ग संस्कृतिरक्षकांचा. ही सूचना वाचतांच त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, आणि परक्यांचीं भुतें आमच्या पोरांच्या मानगुटीवर बसवूं नका, अशा अर्थाचीं पत्रकें फिरूं लागतात. या दोन वर्गांचें सख्य विळ्याभोपळ्याचें आहे असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरावा लागतो, कारण या भांडणांत विळाहि नाहीं आणि भोपळाहि नाहीं. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

आम्हीं आयुष्याचीं तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविलीं. तेव्हां आम्ही पहिल्या वर्गाचें वकीलपत्र घेणार, अशी दुसऱ्या वर्गाची समजूत झाली तर तिला आमचा इलाज नाहीं. परंतु वकीलपत्र आम्ही दोघांपैकीं कोणाचेंच घेणार नसून, त्यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या त्या बिचाऱ्या फळाची बाजू तेवढी मांडणार आहों.

प्रथम संस्कृतिरक्षकांकडे वळूं. त्यांस आमचा प्रश्न असा कीं, या प्रकरणांत परकीय म्हणावयाचें तें कोणाला? भोपळ्याला म्हणावें, तर गोष्ट खरी आहे. पण ती त्यांच्या उपयोगाची नाहीं. ज्या तांबड्या भोपळ्याची भाजी, पुऱ्या आणि बोंडें आमच्या विदर्भांत सणासुदीला होतात, तो मूळचा अमेरिका खंडांतला. मेक्सिकोंतील एका गुहेंत त्याच्या जातभाईचीं सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचीं बियाणीं सांपडलीं आहेत. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीपूर्वीं या देशांत त्याला कोणी ओळखत नव्हतें. तो आला आणि आमच्या मांडवावर असा कांहीं पसरला कीं आम्हीं त्याला घरच्या वडीलधाऱ्याचें नांव देऊन टाकलें. पांढरा कोहळा हा आशियांतला जुना रहिवासी. त्याचेंच नांव विदर्भानें या तांबड्या पाहुण्यास दिलें. पुण्याकडचे लोक यालाच डांगर म्हणतात, आणि आमच्याकडे डांगर मागितलें तर नदीच्या वाळूंत पिकलेलें खरबूज हातीं येतें. दुध्या भोपळ्याचें मूळ आफ्रिकेंत आहे. म्हणजे ज्या मांडवाखालीं बसून आम्ही स्वकीय-परकीयांचा निवाडा करणार, त्या मांडवावरच तीन खंडांचे वेल एकमेकांत गुंतलेले आहेत!

बरें, फळ सोडून चालीला परकीय म्हणावें, तर तिचाहि इतिहास ऐकण्यासारखा आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळचें जें इंग्रजी नांव, तें स्कॉट लोकांच्या तोंडीं आखडून हॅलोविन झालें. त्याच्याहि मुळाशीं आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्ट लोकांचा सुगी संपल्याचा सण आहे. त्या देशांत भोपळा पिकत नसे. तेथील शेतकऱ्यांचीं पोरें सलगम पोखरीत, त्याला वेडेंवांकडें तोंड कोरीत आणि आंत दिवा ठेवीत. आयर्लंडच्या ग्रामजीवनविषयक राष्ट्रीय संग्रहालयांत अशा एका सलगमाचा जुना प्लॅस्टरचा ठसा आहे. त्याचें चित्र पाहिल्यास, अमेरिकन भोपळा हा त्याच्यापुढें केवढा सुस्वभावी गृहस्थ आहे याची खात्री पटेल. पुढें १८४५ च्या सुमारास आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडालें, भयंकर दुष्काळ पडला, आणि लाखों आयरिश कुटुंबें अमेरिकेस गेलीं. तेथें भोपळा मुबलक, शिवाय पोखरण्यास सलगमाहून पुष्कळ सोपा. अशा रीतीनें हातांतली जुनी चाल त्या गरीब लोकांनीं नव्या मातींतल्या फळावर उतरविली. जेथें जें पिकतें त्यावर कोरावें, ही त्या चालीची परंपरा. आमच्या शाळांनीं तिची नक्कल करितांना नेमकी हीच गोष्ट तेवढी वगळली.

आणि फळांत वाईट शक्तीची कल्पना करून तें कापणें, फोडणें, त्यावर ज्योत लावणें हें तरी आम्हांस कोठें नवें आहे? नवरात्रांत ललितापंचमीला कोल्हापूरची अंबाबाई त्र्यंबोलीच्या भेटीस टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तेथें कोल्हासुराचें प्रतीक म्हणून कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, आणि त्याच्या तुकड्यांसाठीं भाविकांची झुंबड उडते. दसऱ्याला यंत्रांपुढें व मोटारींपुढें कोहळा कापून त्यांत कुंकू भरतात, कापूर पेटवितात, दृष्ट काढतात. कोंकणांत आणि पश्चिम महाराष्ट्रांत नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखालीं जें कडू कारीट चिरडतात, तें भोपळ्याच्याच कुळांतलें. आणि चिरडलें जातें तें नरकासुर म्हणून. गोव्यांतलीं पोरें त्याच्या आदल्या रात्रीं गवत, कागद व बांबू यांचा अक्राळविक्राळ नरकासुर उभारून पहाटे जाळतात. नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं काळी आणि पिवळी मारबत निघते. आमच्या खेड्यांतून त्या दिवशीं दारांतले पळसाचे मेढे उचलून शिवेबाहेर टाकतात आणि रोगराईला वाटेस लावतात. २०२४ सालीं तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन हीं दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आलीं. अमेरिकेंतील मराठी घरांना त्या दिवशीं एकाच उंबरठ्यावर पणती व कोरलेला भोपळा शेजारीं शेजारीं मांडतां आला. दोघांचें कांहीं भांडण झाल्याचें आमच्या कानावर नाहीं.

संस्कृतीचें रक्षण करावयाचेंच असेल तर आमच्याजवळ त्यांच्यासाठीं दुसरें काम आहे. तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल पूर्वीं घरचा बाप किंवा गांवचा सुतार मुलाकरितां घडवीत असे. आतां तो दुकानांतून येतो, आणि कोणाचा नंदी किती हजारांचा याची चढाओढ लागते. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळींत मातीचे किल्ले पोरें करीत. आतां तेहि प्लॅस्टरचे, रंगविलेले, तटाबुरुजांसह विकत मिळतात. स्वदेशी सणाचा हा असा देह गेला आणि नुसता पोशाख उरला, त्याबद्दल एकहि पत्रक आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. दारांत शिरलेलें भूत परकीय आहे म्हणून हे लोक ओरडतात. तें विकत आणलेलें आहे याची त्यांना शुद्ध नाहीं.

आतां शाळाचालकांकडे. त्यांचा व्यवहार आवळा देऊन कोहळा काढण्याचा आहे. आवळा म्हणजे एका दुपारची गंमत. कोहळा म्हणजे पोषाखाचा, टोपीचा, प्लॅस्टिकच्या भोपळ्याचा आणि छायाचित्रांचा खर्च. पण पैशाचा मुद्दा आम्ही सोडून देतों. ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं खुशाल द्यावा. आम्हांस चीड येते ती निराळ्याच गोष्टीची. चंद्रपुरांत मुलाच्या हातीं प्लॅस्टिकचा भोपळा दिला जातो त्याच आठवड्यांत, तेथून तास-सव्वातासाच्या वाटेवर, घरांच्या कवेलूंवर खरे भोपळे पिकून लालभडक झालेले असतात.

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगा ओलांडली कीं आरमोरी, वडसा, गडचिरोली, हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. येथें घरामागच्या परसाला सांदवाडी म्हणतात. मृगाचा पाऊस झाला कीं सांदवाडींत शेणखताच्या आळ्यांत कोहळ्याचे चारदोन दाणे टोंचतात. आठवड्याभरांत जाड, खरखरीत पानें वर येतात, आणि श्रावणांत वेल कुडावरून छपरावर चढतो. पहिलीं फुलें येतात तीं सारीं नराचीं. तीं पाहून शहरी माणूस फळाची आशा धरतो व निराश होतो. मादी-फूल मागाहून येतें, आणि त्याच्या बुडाशीं सुपारीएवढी गोळी आधींच बसलेली असते. फूल पहाटे उमलतें आणि उन्हें चढतांच मिटतें. तेवढ्या वेळांत मधमाशी येऊन गेली तर फळ धरतें, नाहींतर ती गोळी पिवळी पडून गळते. पावसाची झड लागून माशी फिरकली नाहीं, तर नर-फूल खुडून त्याचा पराग आपल्या हातानें मादी-फुलावर टेंकवितां येतो. आठ वर्षांच्या मुलास हें दाखवून पाहावें. जीवशास्त्राच्या पुस्तकांतील जें प्रकरण शिकवितांना पुढें वरच्या इयत्तेंत मास्तरांची जीभ अडखळते, तें या पोराला सांदवाडींत उभ्यानें, कसलाहि संकोच न होतां कळतें. नंतर साडेतीन-चार महिन्यांनीं देंठ वाळतो, साल एवढी टणक होते कीं नख रुतत नाहीं, आणि बाहेर बांध्यांतून धान कापणीला आलेलें असतें.

घरच्या वेलाची आणखी एक खुबी आहे, ती बाजारच्या भोपळ्याला नाहीं, मग प्लॅस्टिकच्या भोपळ्याला कोठून असणार? भाद्रपदांत फळ नारळाएवढें व साल कोंवळी असतांना बाभळीच्या कांट्यानें त्यावर अगदीं हलक्या हातानें अक्षरें ओरखडावीं. जखम भरून येते, खपली धरते, आणि फळ फुगतें तसतशीं तीं अक्षरेंहि रुंद होत जातात. मुलानें बोटभर कोरलेलें आपलें नांव आश्विनांत वीतभर झालेलें असतें. एरवीं परीक्षेंतल्या शून्याला आम्ही मास्तर लोक भोपळा म्हणतों. पण वर्गांतल्या मुलांचीं नांवें अशीं वेलावर वाढत असलीं, तर त्या शब्दाचा अर्थ त्यांना निराळा लागेल.

मग कोरण्याचा दिवस. देंठाभोंवतीं टोपण कापतांना सुरी आंतल्या बाजूस तिरपी धरावी, म्हणजे टोपण परत ठेवलें असतां आंत पडत नाहीं. बिया आणि रेषा हातानें काढाव्या. त्या गिळगिळीत स्पर्शानें किंचाळण्यांत मुलांना जो आनंद होतो तो हजार मुखवट्यांत नाहीं. गर पळीनें किंवा करवंटीच्या तुकड्यानें खरवडावा, आणि ज्या अंगाला तोंड कोरावयाचें तेथली भिंत बोटाच्या पेराएवढी ठेवावी. कोळशानें चेहरा रेखून घ्यावा. पांढरा कोहळा असेल तर आरपार भोंकें पाडण्याऐवजीं नुसती साल खरवडून भिंत पातळ केली तरी चालतें. दिवा लावल्यावर तेवढा भाग आंतून उजळतो, आणि हें काम अधिक नाजूक व आमच्या मतें अधिक सुंदर दिसतें. टोपणाला धुरासाठीं एक भोंक ठेवून आंत पणती लावावी. आमच्या उष्ण हवेंत हा चेहरा दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, तोंड आंत ओढलें जातें, आणि कोरलेला राक्षस दांत गेलेल्या आजोबांसारखा दिसूं लागतो. तेंहि मुलांनीं पाहावें.

यावर पहिला आक्षेप येतो सुरीचा. मुलांच्या हातीं सुरी? वस्तुतः सहा वर्षांच्या मुलानें गर काढावा व चेहरा रेखावा, आणि दहा वर्षांच्यानें वडीलधाऱ्यांच्या नजरेखालीं लहान सुरी चालवावी, इतकी साधी ही वाटणी आहे. पण आक्षेपाचें मूळ सुरींत नाहीं. हाताच्या कामाविषयींच्या तिटकाऱ्यांत आहे. चंद्रपुराहून वर्धा कांहीं फार लांब नाहीं. तेथें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं, म्हणजे भोपळे पिकण्याच्या याच दिवसांत, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि मुलांचें शिक्षण मातृभाषेंतून व एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारें व्हावें असें ठरलें. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा अभ्यासक्रमहि आंखून दिला. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम-बाल-शिक्षा-केंद्र काढलें, तेव्हां माँटेसोरीचीं महाग विलायती साधनें बाजूस ठेवून त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शिंपल्या, खडे, पानें, बिया यांतून बालवाडी उभी केली. माँटेसोरीबाई इटलीच्या, पण त्यांची पद्धत परकीय म्हणून ताराबाईंनीं टाकून दिली नाहीं, आणि विलायती म्हणून पेटीसकट विकतहि आणली नाहीं. आमच्या दोन्ही प्रतिपक्षांस या एका उदाहरणांत पुरेसें उत्तर आहे. नई तालीम फसली कीं फसविली गेली हा वाद येथें काढीत नाहीं. एवढें मात्र उघड दिसतें कीं, ज्या प्रांतांत तिचा जन्म झाला तेथील सुशिक्षितांच्या मुलाला आज सातवी झाली तरी भोपळा चिरतां येत नाहीं.

आणि मुलीला? तिच्याबाबत तर आणखी एक अडसर. अखंड कोहळा बाईनें कापूं नये, पहिला घाव पुरुषानें घालावा, असा दंडक कित्येक घरांत अजून पाळतात. नवरा परगांवीं असला तर शेजारच्या चार वर्षांच्या पोराचा हात सुरीला लावून घेतात, म्हणजे शास्त्र साधलें! कोल्हापुरास देवीपुढें कुमारिकेनें फोडलेला कोहळा चालतो, किंबहुना तिनेंच फोडावा लागतो. मग घरच्या कुमारिकेनें कापलेला कां चालूं नये, हें संस्कृतिरक्षकांनीं आम्हांस समजावून सांगावें. आमच्या मतें शाळेंत पहिला भोपळा मुलीच्याच हातीं द्यावा.

खेड्यांतलें मूल या बाबतींत भाग्यवान आहे असें म्हणून हात झटकण्याचीहि एक तऱ्हा शहरांत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. भामरागड-एटापल्लीकडचे माडिया लोक दुध्या भोपळ्याचें फळ वेलावरच जून होऊं देत, वाळवीत, आंतला गर कुजवून काढून टाकीत, आणि त्याचा तुंबा करीत. रानांत जातांना पाणी, पेज, ताडी यांतून नेत. शेजारच्या बस्तरांत अशा तुंब्यांवर तापलेल्या लोखंडानें नक्षी डागण्याची कला आहे, आणि तिचे दिवे आतां मोठ्या शहरांतल्या दिवाणखान्यांतून लोंबतात. इकडे मिरजेचे कारागीर पंढरपुराकडच्या भोपळ्यांतून तंबोरे आणि सतारी घडवितात. तुंब्याची जागा मात्र गडचिरोलींतहि प्लॅस्टिकच्या बाटलीनें घेतली आहे, आणि ती पाणी नेण्यास हलकी व सोईची आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आदिवासी पोरानें आमच्या कौतुकासाठीं तुंबाच वागवावा असें म्हणणारे आम्ही कोण? पण त्याच्या आजोबाला तुंबा कसा वाळवावा हें ठाऊक आहे, आणि आश्रमशाळेच्या वेळापत्रकांत त्या ज्ञानाला एका तासाचीहि जागा नाहीं. भोपळा कोरण्याचा तास ठेवावयाचा तर तो शिकविण्यास आम्ही प्राध्यापक लायक नाहीं. तो त्या आजोबांना बोलावून ठेवावा लागेल.

आतां या सर्वांत गंभीर गोष्टीकडे येतों. हॅलोविनच्या सामानांत एक टोकदार काळी टोपी असते, हें आरंभीं सांगितलेंच आहे. ती चेटकिणीची टोपी. न्यूयॉर्कांत वा लंडनांत ती घातल्यानें कोणाचें बिघडत असेल असें वाटत नाहीं. तेथें चेटकीण म्हणून बायांना फांशीं देणें वा जाळणें बंद होऊन तीन शतकें लोटलीं. आमच्या जिल्ह्यांत तें बंद झालेलें नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यांतील वणी खुर्द या गांवीं करणी केल्याच्या संशयावरून सात माणसांना, त्यांत म्हातारीं माणसें व बायका असतांना, भर गांवांत बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्यें गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा येथें एका स्त्रीला व एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळलें. ऑगस्ट २०१३ मध्यें डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी हें घडलें. अशा मुलुखांत सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी घालून तिला टाळ्या मिळवून देणें, ही गंमत आम्हांस करवत नाहीं. संस्कृतिरक्षकांनींहि आपलें बोट नेमकें येथें ठेवावयास हवें होतें. पण परकीय भुतांवर तोंडसुख घेतां घेतां घरच्या भुतांकडे पाहण्यास त्यांना सवड झाली नाहीं.

म्हणजे सारेंच बंद करावें काय? उलट, याच कारणासाठीं आम्हांस भोपळा कोरावयास हवा आहे. भीति ही न पाहिलेल्या वस्तूची असते. ज्या पोरानें स्वतः बी टोंचलें, वेल छपरावर चढविला, फळाचें पोट साफ केलें, डोळ्यांच्या जागीं दोन भोंकें पाडलीं आणि आंत पणती ठेवली, त्याला अंधारांत तो चेहरा पाहून क्षणभर दचकावयाला होईल. आणि लगेच हंसूं येईल, कारण त्या भुताच्या पोटांतली भाजी त्यानें दुपारींच खाल्लेली असते. भूत कसें तयार होतें हें त्याला हातानें ठाऊक झालें. हाच पोरगा पुढें वीस वर्षांचा होऊन गांवच्या चौकांत उभा असेल, कोणी मांत्रिक कोणा म्हातारीकडे बोट दाखवीत असेल. त्या वेळीं तो काय करील हें आम्ही छातीठोक सांगूं शकत नाहीं. पण कारखान्यांतून तयार भीति विकत घेतलेल्या मुलापेक्षां त्याच्याकडून आमची आशा अधिक आहे.

शिवाय आमच्या वाङ्मयांत भोपळ्यांतली एक म्हातारी आहेच. लेकीकडे निघालेली, वाटेंत वाघाला थाप मारून वेळ मारून नेणारी, आणि परततांना भोपळ्यांत बसून रान पार करणारी ही बाई महाराष्ट्रांतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. इतरांच्या दृष्टीनें ती बालकथा. ताडोब्याच्या भोंवतालच्या गांवांतून मात्र सरपणाला किंवा मोहफुलें वेंचायला गेलेल्या बाईला वाघ भेटणें ही आजची बातमी असते. परक्यांच्या भोपळ्याशेजारीं म्हातारी आहे ती झाडूवर बसलेली चेटकीण. आमच्या भोपळ्यांतली म्हातारी वाघाला बनविणारी शहाणी बाई. शाळेला सोंगच हवें असेल तर एका मुलीला हें सोंग द्यावें. त्याला टोपी लागत नाहीं, जुनें लुगडें पुरतें. वेषांतराची हौस याच दिवसांत आमच्याकडेहि फिटते. राजुरा-जिवतीच्या बाजूस व पलीकडे आदिलाबादेस राजगोंडांचे गुसाडी मोरपिसांचे मुकुट घालून, अंगाला राख फांसून दिवाळीच्या सुमारास गांवोगांव नाचतात. त्या नृत्याचे गुरु कनक राजू यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु तो देवाचा वेश आहे. स्नेहसंमेलनासाठीं भाड्यानें आणण्याची ती वस्तु नव्हे, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. कारण एखाद्या उत्साही मुख्याध्यापकाला आमच्या लेखांतून तेवढेंच सुचावयाचें.

राहिला अन्नाच्या नासाडीचा आक्षेप. हा खरा आहे, आणि अमेरिकेविरुद्ध तो पूर्णपणें लागू पडतो; तिकडे कोरलेले असंख्य भोपळे अखेर कचऱ्यांत जातात. ज्या जिल्ह्यांतील मुलांचें कुपोषण हा सरकारी अहवालांचा कायमचा विषय आहे, तेथें फळ सजावटीसाठीं कुजविणें निर्लज्जपणाचें होईल. म्हणून आमची अट अशी कीं, जेवढें कोरलें तेवढें आधीं शिजलें पाहिजे. गराची भाजी व्हावी, गुळांत शिजवून कणकेंत मळून बोंडें तळावीं, बिया भाजून खाव्या आणि त्यांतल्या टपोऱ्या मूठभर राखेंत घोळून पुढच्या पावसाळ्यासाठीं ठेवाव्या. उरलेलें टरफल, त्यावर बुरशी येण्यापूर्वीं, म्हशीच्या पुढें टाकावें. ती हें भूत डोळ्यांदेखत खाऊन टाकते, आणि मुलांना त्याहून मोठा तमाशा नसतो.

हें सर्व करून झाल्यावर त्या संध्याकाळला हॅलोविन म्हणावें, नरकचतुर्दशी म्हणावें, कीं नुसता भोपळ्यांचा दिवस म्हणावें, तें मुलांनीं ठरवावें. आमचें कांहीं म्हणणें नाहीं. बी मात्र शाळांनीं ज्येष्ठांतच मूल-सिंदेवाहीकडच्या कोणा ओळखीच्या घरीं मागून ठेवावें. मृग लागल्यावर तें कोणापाशीं शिल्लक राहत नाहीं.